जिप्सीत 1.3 लिटरचं इंजिन बसवलंय आणि घाटात तापमानाचा काटा वर जातो? आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा

आमची जिप्सी 1988 ची, म्हणजे 970 सीसीचं एफ-10-ए इंजिन आणि चार गिअर असलेली जुनी एमजी-410. वेंगुर्ल्याजवळ आमची आंबा-काजूची बाग आहे, आणि ही गाडी आमच्याकडे पहिल्यापासून छोटा ट्रक म्हणूनच राबते. मागची आडवी बाकं काढून टाकलेली, तळाला चेकर प्लेट. खत, पाण्याची टाकी, काजूची पोती, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. 1999 साली वडिलांनी अपघातात गेलेल्या एका जिप्सी किंगचं (जिप्सीचंच मोठ्या इंजिनाचं नंतरचं मॉडेल) 1298 सीसीचं जी-13-बी-ए इंजिन आणि त्याच्यासोबतचा पाच गिअरचा बॉक्स असा जोडच विकत घेऊन हिच्यात बसवला. कागदोपत्री 45 हॉर्सपॉवरची गाडी 60 ची झाली.

वडील ती बागेत आणि वेंगुर्ला बाजारापर्यंत चालवायचे, त्यामुळे वीस वर्षं कुणाला काही कळलं नाही. मी कोल्हापूरला पेट्या न्यायला लागलो आणि दुखणं समोर आलं. सावंतवाडी सोडून दाणोलीपर्यंत काटा अगदी मधोमध. तिथून आंबोली घाट चढायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वळणापासून काटा सरकायला लागायचा, आणि अर्ध्या घाटात लाल पट्टीला टेकायचा. थांबायचं, बॉनेट उघडायचं, अर्धा तास वाट बघायची. असे दोन उन्हाळे काढले.

इंजिन मोठं केलेल्या जवळजवळ प्रत्येक जिप्सीवाल्याकडून हीच तक्रार ऐकू येते, आणि प्रत्येकाला मिळणारा सल्लाही एकच असतो: "रेडिएटर मोठा टाक." मीही टाकला. नळ्यांच्या दोन रांगांचा काढून तीन रांगांचा बसवला. घाटात काटा दोन वळणं उशिरा चढला, एवढाच फरक पडला. त्याआधी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बदलला होता, वॉटर पंप बदलला होता, रेडिएटर दोनदा रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ करून आणला होता. पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटलं ते या गोष्टीचं की दुखणं कुठे आहे हे न बघताच मी भाग बदलत होतो.

गाडी कधी तापते यातच उत्तर असतं

हायवेला 80 च्या वेगाने, समोरून भरपूर वारा मिळत असताना तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलाय, पंप थकलाय, किंवा खालचा होज ओढला जाऊन चपटा होतोय. सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांत तापत असेल, तर सिस्टिममध्ये हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट उघडतच नाही. रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे येत असतील, पाणी बाहेर फेकलं जात असेल आणि सकाळी थंड इंजिनाचा होजही कडक लागत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. आणि हायवेला काही त्रास नाही, पण घाटात, चिखलात, ट्रॅफिकमध्ये, म्हणजे जिथे वेग कमी आणि जोर जास्त तिथेच तापत असेल, तर पाणी ठीक आहे, हवा कमी पडतेय. माझी गाडी या चौथ्या प्रकारातली होती आणि मी दोन वर्षं पाण्याच्या मागे लागलो होतो.

काट्यावर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. इंजिन बदलताना तापमान मोजणारा सेंडर नव्या इंजिनासोबत येतो आणि डॅशबोर्डवरचा गेज जुनाच राहतो. दोघांच्या रोधाचा मेळ बसला नाही तर 90 अंशाला काटा लालमध्ये दिसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे 110 ला मधोमध दिसेल. म्हणून एकदा तरी बाहेरून मोजा. लेझरचा बिंदू पाडणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता कुठेही मिळतो. फक्त तो चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर खूप कमी आकडा दाखवतो, कारण तसा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा. रबरी होज काळाच असतो, त्यावर थेट मोजलं तरी चालतं.

घाटात गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून मी मोजलं तेव्हा वरचा होज 104 आणि खालचा 99 निघाला. हे दोन आकडे वाचता आले आणि मला पुढचा रस्ता सापडला. वरून गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं, थंड होऊन खालून बाहेर पडतं. खालचा होज अगदी गार असता तर पाणी अडलंय असं म्हणता आलं असतं. इथे दोन्ही तापलेले होते आणि फरक जेमतेम पाच अंशांचा. म्हणजे पाणी धावत होतं, पण रेडिएटरमधून जाताना त्याची उष्णता कुणी काढून घेत नव्हतं.

इंजिन मोठं म्हणून उष्णता जास्त, हे अर्धंच खरं

गाडी, पेट्या आणि दोन माणसं मिळून साधारण 1600 किलो धरा, आणि चढ 15 मीटरला 1 मीटर. एवढं वजन ताशी 20 च्या वेगाने वर उचलायला सुमारे 8 हॉर्सपॉवर लागतात, 40 च्या वेगाने 16. टायरचं घर्षण वगैरे वेगळं. हा हिशोब इंजिन 970 चं असो की 1298 चं, सारखाच. त्याच वेगाने चढलात तर रेडिएटरवर पडणारी उष्णताही जवळपास तेवढीच.

मग जुनं इंजिन का तापत नव्हतं? एक तर ते 40 च्या वेगाने चढूच शकत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. जुनं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये 3000 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास ओरडत चढायचं. नव्यात दम आहे, म्हणून मी आरामात तिसरा टाकून 1800 वर चढत होतो. फॅन आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतात. 3000 च्या जागी 1800 म्हणजे फॅनची हवा साठ टक्क्यांवर आली, आणि जोर मात्र तेवढाच किंवा जास्त. गाडी शांत चढतेय याचं मला कौतुक वाटत होतं, आणि त्याच शांततेत ती शिजत होती.

त्यामुळे तुमच्याकडे आज हातात पाना नसेल तरी एक गोष्ट लगेच करून बघा. पुढच्या वेळी घाटात एक गिअर खाली ठेवा. काटा निम्म्याने जरी कमी चढला तरी समजा की तुमचाही प्रश्न हवेचाच आहे.

कागदाची परीक्षा

इंजिन पूर्ण गरम करून, गाडी सपाटीवर उभी करून, रेसिंग साधारण 1500 वर धरायला कुणाला तरी बसवा. वर्तमानपत्राचे हाताएवढे तुकडे करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, ग्रिलमधून, जाळीवर एकेक टेकवा. हवा ओढली जात असेल तर कागद आपोआप चिकटून राहतो.

माझ्याकडे मधला कागद घट्ट चिकटला. त्याच्या आजूबाजूचेही टिकले. चारही कोपऱ्यांतले टेकवल्याबरोबर खाली पडले. फॅनचा जेवढा गोल, तेवढ्याच भागातून हवा जात होती, आणि तो गोल जाळीच्या निम्म्याहून थोडाच मोठा होता. नवा तीन रांगांचा रेडिएटर लावून उपयोग का झाला नाही याचं उत्तर त्या चार कागदांत होतं. जो भाग कामच करत नव्हता तो मी आणखी जाड केला होता.

रेडिएटर आणि फॅन यांच्यामध्ये प्लास्टिकचं एक कव्हर असतं, श्राउड. ते असलं की फॅन पूर्ण जाळीतून हवा ओढतो. नसलं की समोरची थोडी हवा आणि बाजूने इंजिनरूममधलीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळत बसतो. माझ्या गाडीला ते नव्हतंच.

आमच्या शेडच्या माळ्यावर जुन्या सुट्या भागांचं एक खोकं आहे. त्यात तळाशी ते सापडलं, किंगचंच, इंजिनासोबत आलेलं. आतल्या कडेला वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा, कमानीसारखा घासल्याचा पट्टा होता. पात्यांनी प्लास्टिक अगदी सफाईने सोललेलं. आईला विचारलं तर तिला तो दिवस आठवत होता. "मेस्त्री म्हणालो, ह्यां आडवां येता, काडून ठेवतंय," ती म्हणाली. वडिलांनी ठेव म्हटलं आणि ते माळ्यावर गेलं.

कव्हर परत लावलं, पुन्हा घासलं

किंगच्या कव्हरची भोकं 410 च्या रेडिएटरच्या चौकटीला जुळत नाहीत. सावंतवाडीतल्या एका पत्राकाम करणाऱ्याकडून चार पट्ट्या वाकवून घेतल्या आणि बसवलं. कागद चारही कोपऱ्यांत चिकटले. आठवडाभर गाडी छान चालली आणि मग एका चढावर खर्रकन आवाज आला. उघडून बघतो तर जुन्या पट्ट्यावरच नवा घासल्याचा पट्टा.

बरेच जण इथेच कव्हर कायमचं काढून टाकतात, किंवा वरून करवतीने कापून मोकळं करतात. कृपा करून तसं करू नका. फॅन कव्हरला लागतोय म्हणजे इंजिन जागेवरून हलतंय, आणि ते का हलतंय हे शोधायला हवं.

क्रँक एका दिशेने फिरतो तेव्हा इंजिनाचा सांगाडा उलट्या दिशेला कलायला बघतो. जिप्सीत त्यामुळे डावी, म्हणजे क्लीनरकडची बाजू उचलली जाते. त्या बाजूचा इंजिन माउंट हे ओढणं सोसत असतो. मोठ्या इंजिनाचा टॉर्क जास्त, म्हणून ओढही जास्त. आमच्या गाडीत चेसिसला जोडणारे माउंट 1988 चे, 970 सीसीसोबतचेच होते. बघायला गेलं तर वरून सगळं ठीक दिसत होतं. जॅक आणि लाकडाचा ठोकळा सम्पखाली (इंजिनाच्या तळाची तेलाची परात) लावून इंजिन हलकेच उचललं, तेव्हा डाव्या माउंटचं रबर लोखंडापासून अलग होऊन तोंड उघडल्यासारखं फाकलं. आतली चीर तेलाने काळी झालेली, म्हणजे खूप जुनी. बहुधा 1999 सालीच ते सुटायला लागलं होतं आणि मेस्त्रींना त्याचाच त्रास झाला असावा.

हे तपासायला जॅक लावायलाच हवा असं नाही. चारही चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडा, फक्त इंजिनावर भार येईल एवढाच. दुसऱ्याने बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही. इंजिन थोडंसं झुकणारच. पण एक बाजू उडी मारल्यासारखी उचलली गेली तर माउंट गेला. हाताशी असताना ट्रान्स्फर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डबा) तिन्ही रबरी माउंटही बघा. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मधल्या छोट्या शाफ्टने वेगळा जोडलेला असतो, आणि मोठ्या इंजिनाची ओढ तिथेही पोचते. क्लच सोडताना खालून ठक आवाज येत असेल तर बहुतेक वेळा तेच माउंट असतात.

दोन्ही इंजिन माउंट नवे टाकले, मग कव्हर बसवलं. बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. कव्हर रेडिएटरला बांधायचं, इंजिनाला नाही. आणि पात्यांची रुंदी अर्धी कव्हरच्या आत, अर्धी बाहेर. पूर्ण आत गेलं तर हवा बाहेर पडताना अडते, पूर्ण बाहेर राहिलं तर कव्हर असून नसल्यासारखं. पात्यांच्या टोकांपासून चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली. कव्हर आणि रेडिएटर यांच्यामधली फट दरवाज्याच्या रबरी बीडिंगने बंद केली, कारण तिथून गळलेली हवा जाळीतून येत नाही.

कुणाकडे मूळ कव्हर नसेल तर 22 गेजच्या जीआय पत्र्याचं बनवून घ्या. काम सोपं आहे, पण गोल कापताना कडा आत दुमडायला सांगा. धारदार कड आणि फिरता फॅन यांच्या जवळ हात जाणार आहे.

फॅन व्हिस्कस क्लचचा, म्हणजे आतल्या घट्ट तेलाच्या पकडीने फिरणारा असेल तर तोही तपासा. इंजिन गरम असताना बंद करा आणि हाताने फॅन फिरवा. चांगला क्लच जड लागतो. एक टिचकी मारली आणि तीन-चार फेऱ्या फिरला तर आतलं सिलिकॉन तेल गेलेलं आहे. मारुती एस्टीम कारचं इंजिन आणून बसवलेल्यांनी विशेष लक्ष द्या: एस्टीममध्ये याच घराण्याचं इंजिन आडवं बसतं आणि फॅन विजेवर चालतो, त्यामुळे पंपाच्या पुलीवर फॅन बसवायची सोयच नसते. काही ठिकाणी जुळवाजुळव करून फॅन उलटा बसवलेला मी पाहिलाय. फिरतो, आवाजही करतो, हवा मात्र निम्मीसुद्धा ओढत नाही. विजेचा फॅन लावत असाल तर रिलेवरून जाड वायर घाला, आणि त्यालाही श्राउड हवाच.

बाकीचं, जे शोधताना निस्तरलं

खालचा होज. इंजिन बदलताना दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा वाकडा होज कापून लावतात, आणि त्यात आतली स्प्रिंग नसते. गरम झाल्यावर रेसिंग वाढवा आणि होजकडे बघा. पंपाच्या ओढीने चपटा झाला तर बदला.

हवा अडकणं. पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, होज हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅटवर एक छोटी हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे हवा तिथून निसटते. इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारा आणि तिथून परतणारा छोटा होज "गरज नाही" म्हणून बोल्ट घालून बंद केलेला असेल तर तो जोडून घ्या. गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत पोचलंच नाही तर तो उशिरा उघडतो. थर्मोस्टॅट काढून फेकू नका. पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर धरून त्याचं उघडणं बघता येतं.

झाकण. रेडिएटर कॅपवर 0.9 लिहिलेलं असतं. तेवढ्या दाबाखाली पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं की दाब राहत नाही. आंबोलीत, साधारण 690 मीटर उंचीवर, उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन तेवढं तापलेलं नसतानाही वाफ दिसते ती यामुळे.

आणि पाणी. जुनं एफ-10-ए बिडाच्या ब्लॉकचं होतं, विहिरीचं पाणी घालूनही गंज धरत का होईना चालायचं. जी-13 चा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. साध्या पाण्याने ते आतून खाल्लं जातं, आणि एकदा जरी उकळलं तरी हेड वाकू शकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि दोन वर्षांनी बदल. तुमचं इंजिन अनेकदा लालमध्ये गेलेलं असेल तर हेड उतरवून सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या) तपासून घ्या. 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त वाक निघाला तर हवा कितीही दिली तरी गॅस्केट परत परत जाणार.

जे आता इंजिन बदलायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी

आमच्या आरसी बुकावर इंजिनाची नोंद 1999 सालीच आरटीओची मंजुरी घेऊन झाली. त्यानंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कडक झालं. कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट सांगितलं. त्यामुळे पेट्रोलचं तेच इंजिन पुन्हा बसवणं आणि मोठं इंजिन बसवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो, आणि मागे पेट्या घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाने हा धोका घेऊ नये.

माझ्या गाडीचं म्हणाल तर गेल्या मे महिन्यात वीस पेट्या आणि दोन माणसं घेऊन दुपारी दोन वाजता दाणोली सोडली. बाहेर 36 अंश. दुसऱ्या गिअरमध्ये, 2800 च्या आसपास. वर पोचल्यावर टेपवर मोजलं: 92. वरचा आणि खालचा होज, फरक दहा अंशांचा. कव्हरच्या आत टॉर्च मारून बघितली, घासल्याची नवी खूण नव्हती. तिथे चहा घेतला आणि आजऱ्याकडे निघालो.